फुगाझीचं पाच डॉलरचं तिकीट: हिशोब बसत कसा होता?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आमचा चौघांचा बँड आहे, पंककडे झुकणारा रॉक वाजवतो. अमेरिकेतल्या फुगाझी या पंक बँडने तिकीट पाच डॉलरवर ठेवलं, टी-शर्ट विकले नाहीत, मोठ्या कंपनीशी करार केला नाही आणि तरी पंधरा वर्षं काढली, असं सगळे सांगतात. पण हे पैशांत बसत कसं होतं, ते कोणी सांगत नाही. आज तसंच करायचं तर जमेल का? एका छोट्या लेबलने अल्बमबद्दल विचारलं आहे, त्यांना काय उत्तर द्यावं?

मी आधी बास वाजवायचो, नंतर बरीच वर्षं छोट्या बँडांचा साउंड आणि टूर सांभाळली. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचं नाही, शो संपल्यावर मागच्या खोलीत बसून नोटा मोजणाऱ्या माणसाचं आहे.

फुगाझीचं नाव निघालं की गप्पा तत्त्वांच्या वाटेने जातात. कोणी त्यांना संत करून टाकतं, कोणी हेकट म्हणून सोडून देतं. मला दोन्ही पटत नाही. त्यांनी ज्या गोष्टींना नाही म्हटलं त्यांतली जवळपास प्रत्येक गोष्ट एखादा खर्च नाहीतर एखादा मध्यस्थ सोबत घेऊन येणारी होती. एक नकार दिला की खर्च कमी राहायचा, आणि खर्च कमी म्हणून पुढचा नकार परवडायचा. त्यांची कारकीर्द अशी जमाखर्चाच्या बाजूने वाचली तर बरंच काही उलगडतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फुगाझी शून्यापासून निघाले नव्हते. पहिला शो सप्टेंबर १९८७ मध्ये वॉशिंग्टन डीसीत झाला, पण पाया सात वर्षं आधीच घातला गेला होता. टीन आयडल्स नावाच्या कोवळ्या पोरांच्या बँडने शोमधून मिळणारे पैसे एका डब्यात साठवले होते. १९८० मध्ये बँड मोडायची वेळ आली तेव्हा डब्यात सहाशे डॉलरच्या आसपास जमले होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी आठ गाण्यांची सात इंची रेकॉर्ड काढली, हजार प्रती, आणि कव्हरं स्वतः कापून-चिकटवून तयार केली. डिस्कॉर्ड या लेबलचं हे पहिलं प्रकाशन. लेबल चालवणारे इयन मकाय आणि जेफ नेल्सन याच बँडमधले, पुढे ते मायनर थ्रेट या बँडमध्ये होते. मकाय नंतर फुगाझीत आला. फुगाझीतले गी पिचोटो आणि ब्रेंडन कँटी हे दोघे आधी राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडमधले. चौथा, जो लॅली, तोवर दुसऱ्या एका बँडबरोबर सामान चढवायला-उतरवायला टूरवर जायचा. म्हणजे पहिल्याच दिवशी यांच्या हाती घरचं लेबल होतं, नावं ओळखणारे श्रोते होते, आणि रेकॉर्ड प्रेस करून, म्हणजे तिच्या प्रती काढून, देणारा भरवशाचा माणूस होता.

या शेवटच्या माणसाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. छोटं लेबल पुष्कळदा रेकॉर्ड न खपल्याने अडचणीत येत नाही, खपल्याने येतं. प्रेसिंगचे पैसे कारखान्याला आधी मोजावे लागतात. वितरक माल उचलतो, पैसे दोन-तीन महिन्यांनी देतो, कधी पैशांऐवजी न खपलेला माल परत पाठवतो. दरम्यान पहिल्या हजार प्रती संपलेल्या असतात, दुकानं आणखी मागत असतात आणि दुसऱ्या हजारांसाठी तुमच्याकडे रोकड नसते. मायनर थ्रेटच्या दिवसांत डिस्कॉर्डची नेमकी हीच कोंडी झाली होती. लंडनच्या सदर्न स्टुडिओचा जॉन लोडर मदतीला आला. प्रेसिंग आणि वितरण सदर्नने अंगावर घेतलं, त्याचा खर्च विक्रीतून वळता होऊ लागला, आणि रोकडीवाचून रेकॉर्ड अडायची बंद झाली. फुगाझीला सगळं स्वतः केल्याचं श्रेय दिलं जातं. ते बरोबरच आहे, पण त्यामागे एका परदेशी माणसाने दिलेली उधारीही होती.

हे न जमल्याचं उदाहरण हस्कर डू या बँडचं. १९८४ मध्ये त्यांचा दुहेरी अल्बम एसएसटी या स्वतंत्र लेबलने काढला. ध्वनिमुद्रणाला सगळा मिळून ३,२०० डॉलर खर्च आला होता. परीक्षणं डोक्यावर घेणारी, बँड टूरवर, आणि दुकानांत अल्बमच नाही, कारण लेबलने पहिल्यांदा काही हजार प्रतीच काढल्या होत्या. त्या लगेच संपल्या आणि नंतर बरेच महिने तुटवडा राहिला. पुढे बँड वॉर्नर या मोठ्या कंपनीकडे गेला, आणि १९८८ च्या सुरुवातीला फुटला. वॉर्नरमुळे फुटला असं मी म्हणणार नाही, आतली धुसफूस जुनीच होती. पण ते तिकडे का गेले हे मला चांगलं कळतं. प्रेक्षक पैसे घेऊन उभा आहे आणि विकायला माल नाही, हे सहन करणं फार कठीण असतं.

आता तिकीट. १९८८ चे पाच डॉलर म्हणजे आजचे साधारण तेरा. तेव्हा एखाद्या छोट्या हॉलमधल्या पंक शोसाठी हा दर काही चमत्कारिक नव्हता. चमत्कार पुढे घडला. हॉल मोठे होत गेले, श्रोते हजारांत येऊ लागले, आणि तिकीट जिथल्या तिथे राहिलं. त्याला दुसरी अट जोडलेली होती: सगळ्या वयाच्या लोकांना प्रवेश. ही अट पाच डॉलरपेक्षा जड आहे, कारण बारवाला हॉल स्वस्तात देतो तो दारूच्या विक्रीच्या भरवशावर. प्रेक्षकांत निम्मी मुलं दारू पिण्याच्या वयाखालची असली की त्याचा फायदा जातो आणि तो भाडं वाढवतो, नाहीतर सरळ नाही म्हणतो. म्हणून मग चर्चचे हॉल, शाळा-कॉलेजांच्या व्यायामशाळा, समाजमंदिरं, जुनी नाट्यगृहं. अशी जागा शोधायची म्हणजे प्रत्येक गावात कोणाशी तरी फोनवर तासन्‌तास बोलायचं. अमेरिकेतलं हे काम मकाय स्वतः करायचा.

समजा हॉलमध्ये आठशे लोक आले. चार हजार डॉलर जमले. भाडं, साउंड सिस्टिम, दारावरची माणसं, पत्रकं आणि सोबतचे दोन बँड यांत सोळाशे गेले. उरले चोवीसशे, आणि त्यात वाटेकरी कोण? चार वादक, एक साउंडवाला, एखादा मदतनीस, एक व्हॅन. आता तोच शो बारा डॉलरला लावा. जमा नऊ हजार सहाशे, ऐकायला झकास. पण बारा डॉलर घेणाऱ्या बँडमागे सहसा एजंट असतो, तो दहा टक्के घेतो. मॅनेजर पंधरा ते वीस टक्के घेतो, आणि तोही खर्च वजा जाता उरलेल्यावर नव्हे, बहुधा एकूण मिळकतीवर. मग लाइटचं सामान आणि ते चालवणारा, बस, बसचा ड्रायव्हर, त्याच्या झोपेची खोली, प्रमोटरचा वाटा. पुढच्या गावात तिकीट बारा आहे म्हणून आठशेऐवजी साडेचारशेच आले, तरी बसचं भाडं तेवढंच. मी असे हिशोब कित्येक रात्री केले आहेत. मोठ्या आकड्याच्या रात्री बँडच्या हातात पडणारी रक्कम पुष्कळदा छोट्या आकड्याच्या रात्रीइतकीच निघते, वर धोका दुप्पट.

स्वस्त तिकिटाचा आणखी एक गुण आहे. हॉल भरतो, आणि भरणार याची खात्री असली की हॉलवाला आणि स्थानिक आयोजक पुढच्या वेळी तुमच्या अटी ऐकून घेतात. पाच डॉलर ही श्रोत्यांना दिलेली सवलत होती आणि त्याच वेळी वाटाघाटीतलं वजनही होतं.

त्याच पाच डॉलरची एक गोष्ट सांगायलाच हवी. गर्दीत दांडगाई करणाऱ्याला ते गाणं थांबवून समजवायचे, नाही ऐकलं तर पाच डॉलर परत देऊन बाहेर काढायचे, आणि त्यासाठी पाकिटं तयार ठेवलेली असायची. महागड्या तिकिटाच्या शोमध्ये हे करून बघा, आयोजक तुम्हालाच बाहेर काढेल.

वॉशिंग्टनमधले त्यांचे बहुतेक शो फुकट असायचे नाहीतर कुठल्या तरी कामाला मदत म्हणून. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या विरोधात ते व्हाइट हाउससमोरच्या बागेत वाजले. हिशोबाच्या नजरेने याचा अर्थ असा की घरच्या गावाच्या कमाईवर ते अवलंबून नव्हते. पोट टूरवर आणि रेकॉर्डवर चालत होतं.

रेकॉर्डची बाजूही तशीच. डिस्कॉर्ड आणि त्याचे बँड यांच्यात कागदावरचे करार नव्हते. खर्च निघाला की उरलेलं वाटून घ्यायचं. ध्वनिमुद्रण मुख्यतः डॉन झिएंटाराच्या इनर इअर स्टुडिओत व्हायचं, आणि हा स्टुडिओ सुरुवातीची बरीच वर्षं त्याच्या घराच्या तळघरात होता. १९९३ च्या अल्बमच्या वेळी फुगाझी आधी शिकागोला स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाकडे गेले, तिथे गाणी मुद्रित केली, ती मनासारखी उतरली नाहीत म्हणून बाजूला ठेवली आणि घरी परत येऊन सगळं नव्याने केलं. तो अल्बम पुढे बिलबोर्डच्या पहिल्या २०० मध्ये शिरला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ते मुद्रण फेकून देऊ शकले. खर्च स्वतःचा आणि आटोक्यातला होता, त्यामुळे निर्णयही स्वतःचा. लेबलचा अ‍ॅडव्हान्स घेतला असता तर वाया गेलेला प्रत्येक तास त्यांच्या खात्यावर कर्ज म्हणून चढला असता, आणि ते फिटेपर्यंत रॉयल्टीचा एक पैसा हातात आला नसता.

हे कर्ज कसं फुगतं, ते त्याच अल्बिनीने १९९३ मध्ये द बॅफलर या मासिकात ओळीओळीने मांडलं होतं. त्याचा नमुन्यादाखलचा बँड मोठ्या कंपनीशी अडीच लाख डॉलरचा करार करतो आणि अडीच लाख प्रती विकतो. वकील, मॅनेजर, निर्माता, स्टुडिओ, व्हिडिओ, बस, नवी वाद्यं असं सगळं वजा करत गेल्यावर प्रत्येक वादकाच्या वाट्याला सुमारे चार हजार डॉलर येतात, आणि कंपनी सात लाखांवर कमावते. आकडे आता जुने झाले, कॅसेट-सीडी गेल्या, पण वजाबाकीची रीत बदललेली नाही. तुमच्या चौघांनी एका संध्याकाळी कागद घेऊन स्वतःचे आकडे त्या साच्यात घालून बघावेत.

मात्र स्वतंत्र लेबल म्हणजे आपोआप सज्जन, असं धरून चालू नका. ग्रीन डे या बँडचे पहिले दोन अल्बम लुकआउट या स्वतंत्र लेबलने काढले होते. बँड मोठा झाल्यावर त्या जुन्या अल्बमांच्या विक्रीवर लेबल फोफावलं, पसारा वाढवला, आणि पुढे रॉयल्टी थकली म्हणून २००५ मध्ये ग्रीन डेने आपले अल्बम काढून घेतले. २०१२ मध्ये लुकआउटने गाशा गुंडाळला. डेड केनेडीज या पंक बँडचं भांडण तर बँडच्या आतलं. लेबल गायकाच्या हातात, बाकीच्यांची रॉयल्टी कमी दिली गेली असा दावा, आणि २००० मध्ये ज्युरीचा निकाल गायकाच्या विरोधात. डिस्कॉर्डचं हातमिळवणीवर चाललं, कारण तिथे हिशोब वेळच्या वेळी मिळत होता. तुमच्या ओळखीत मकायसारखा माणूस असेल तर उत्तम, तरीही कागद करा.

आता टी-शर्ट. इथे मी फुगाझीच्या चाहत्यांशी वाद घालतो. त्यांनी टी-शर्ट काढले नाहीत हे खरं, इतकं खरं की ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नाही’ असं छापलेले शर्ट दुसऱ्याच लोकांनी विकले. पण त्यांना शर्टाची गरज नव्हती, कारण रेकॉर्ड विकली जात होती आणि एका रेकॉर्डमागे बँडला खरे पैसे सुटत होते. आज तो आधार उरलेला नाही. गाणं हजार वेळा ऐकलं गेलं तरी हातात काही डॉलर येतात, आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याच्या मुद्रणाला काहीच मिळत नाही. शोच्या दारात विकलेला शर्ट हेच आजच्या बऱ्याच बँडांचं पेट्रोल आहे. म्हणून तो नकार जसाच्या तसा उचलणं मला वेडेपणाचं वाटतं. उचलायचं असेल तर हिशोब उचला: कोणती गोष्ट तुमचा खर्च वाढवते, कोणती तुम्हाला दुसऱ्याच्या हातात देते. शर्ट यातलं काही करत नाही. हॉलवाला मर्चच्या, म्हणजे शर्टसारख्या वस्तूंच्या, विक्रीवर वीस-पंचवीस टक्के मागतो तेव्हा मात्र भांडा, आणि ते शो ठरवतानाच, टेबल मांडल्यावर नाही.

डिजिटल विक्रीसाठी बँडकॅम्प ही वेबसाइट अजूनही सगळ्यात सरळ वाटते. तिचा वाटा डिजिटलवर पंधरा टक्के, वस्तूंवर दहा टक्के, वर पैसे भरण्याचं शुल्क. विनाइल, म्हणजे रेकॉर्ड, काढायचंच असेल तर शंभर प्रतींचा मोह टाळा. लॅकर (मूळ तबकडी) कापणं, स्टँपर (प्रती दाबायचा साचा) बनवणं, टेस्ट प्रेसिंग (तपासणीच्या प्रती) हा खर्च शंभर प्रतींना जेवढा तेवढाच हजारांना, त्यामुळे कमी प्रती काढल्या की एकेक प्रत महाग पडते आणि नफा जातो. तीनशेची मागणी दिसेपर्यंत थांबलेलं बरं. आणि बारा इंचीच्या एका बाजूला बावीसेक मिनिटांच्या वर संगीत कोंबू नका, खोबण्या अरुंद होतात, आवाज खाली येतो, आणि जोरकस वाजवणाऱ्या बँडचं तर त्यात फार नुकसान.

काटकसरीचा विषय निघाला की मिनटमेन या बँडचं नाव घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. सॅन पेद्रोचे हे तिघे सगळं जग दोन भागांत बघायचे: शो, आणि शोची जाहिरात. रेकॉर्डसुद्धा त्यांच्या लेखी जाहिरातच. स्वतः व्हॅन चालवायची, सामान स्वतः उचलायचं, रात्री कोणाच्या तरी घरी फरशीवर झोपायचं. १९८४ चा त्यांचा चाळीसवर गाण्यांचा दुहेरी अल्बम हजार-अकराशे डॉलरमध्ये झाला. मला हा बँड फुगाझीपेक्षाही जवळचा वाटतो. पण त्यांचा गिटारवादक डी. बून डिसेंबर १९८५ मध्ये व्हॅनच्या अपघातात गेला, वय सत्तावीस, आणि बँड तिथेच संपला. तो अपघात टूरवरचा नव्हता, तरी टूर आखताना मला नेहमी आठवतो. २००३ मध्ये एक्सप्लोडिंग हार्ट्स या बँडचे तिघे शोहून परतताना असेच गेले. म्हणून एका बाबतीत माझा हट्ट असतो: शो संपल्यावर रात्री लांबचं ड्रायव्हिंग नाही. खोलीचे पैसे वाचवायला पहाटे तीन वाजता हायवेवर असणं ही काटकसर नव्हे. पुढचा शो तीन-चार तासांच्या आत येईल असाच नकाशा आखा, तसं होत नसेल तर मध्ये एक दिवस रिकामा सोडा.

कान हा दुसरा हट्ट. बोस्टनचा मिशन ऑफ बर्मा हा बँड १९८३ मध्ये थांबला तो गिटारवादक रॉजर मिलरच्या कानातल्या आवाजामुळे, गाणी संपल्यामुळे नव्हे. सुपरचंक या बँडची बासवादक लॉरा बॅलन्स २०१३ पासून टूरवर जात नाही, कारण तेच, कान. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामगार-आरोग्यातली नेहमीची मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमच्या तालमीच्या खोलीत झांजांपाशी यापेक्षा जास्त असतं, आणि तुम्ही तिथे दोन तास असता. फोमचे बोळे वरचे सूर खातात म्हणून वादक ते काढून टाकतात. सगळे सूर सारखेच पंधराएक डेसिबल खाली आणणारे वादकांचे इअरप्लग मिळतात, पहिल्या शर्टच्या नफ्यातून चौघांना तेच घ्या.

पैशांची वाटणी हा विषय अवघड नाही, फक्त उशिरा काढला की अवघड होतो. फुगाझीची गाणी चौघांच्या सामाईक नावाने होती. शब्द कोणाचे, धून कोणाची याचे तुकडे पाडले की जास्त लिहिणाऱ्याला जास्त मिळतं, मग तो आपलीच गाणी अल्बममध्ये यावीत असा आग्रह धरतो, आणि ड्रमर शांतपणे दुसरा बँड शोधतो. चौघं मिळून घडवत असाल तर समान वाटा ठेवा. आणि एका पानावर लिहून ठेवा: कोणी सोडून गेलं तर जुन्या मुद्रणातला वाटा राहील का, बँडचं नाव कोणाचं, उसन्या पैशांतून घेतलेला अ‍ॅम्प कोणाचा. चौघांच्या सह्या. वकील नंतर बघू.

‘करिअर’ या शब्दाचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या तळाशी तेच आहे. फुगाझी त्यावर जगू शकले. तुमच्यासारख्या बँडांतले बहुतेक जण जगत नाहीत, नोकरी किंवा दुसरं काम सांभाळून वाजवतात, आणि त्यात कमीपणा नाही. सुपरचंकने वेगळी वाट काढली. त्यातल्या मॅक मॅकॉन आणि बॅलन्सने १९८९ मध्ये मर्ज हे लेबल काढलं, १९९४ पासून स्वतःचे अल्बमही तिथूनच आणले, आणि पुढे लेबल एवढं वाढलं की तिथून निघालेल्या आर्केड फायर या बँडच्या अल्बमला २०११ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. म्हणजे बँड त्यांचं एकमेव उत्पन्न कधी राहिलाच नाही. नेदरलँड्सचा द एक्स हा बँड १९७९ पासून आहे, माणसं बदलली, गायकसुद्धा बदलला, इथिओपियाचा सॅक्सोफोनवादक गेताचू मेकुरियाबरोबर अल्बम केला, आणि अजून वाजवतायत. या सगळ्यांत मला एक सारखेपण दिसतं: महिन्याचा ठरलेला खर्च लहान. कर्ज काढून घेतलेली व्हॅन नाही, पगारी मॅनेजर नाही, वर्षभर भाड्याने घेतलेलं ऑफिस नाही. वाईट वर्ष आलं तर असा बँड कमी वाजवतो, बंद पडत नाही.

फुगाझी २००२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला शेवटचे वाजले आणि अनिश्चित काळासाठी थांबले. निरोपाचा दौरा नाही, महागडं तिकीट लावून विकायचा शेवट नाही. घरं, मुलं, इतर कामं होती. थांबणं परवडलं तेही त्याच कारणाने: कोणाचं देणं नव्हतं, कोणत्या लेबलला आणखी अल्बम बाकी नव्हते. आणि त्यांचा साउंडवाला वर्षानुवर्षं शो मुद्रित करत आला होता. आठशेहून जास्त शोंची मुद्रणं साठली होती, ती २०११ पासून इंटरनेटवर विकायला ठेवली, एका शोची सुचवलेली किंमत पाच डॉलर. तुमच्या साउंडवाल्याला मिक्सरचं आउटपुट दर शोला मुद्रित करायला सांगा, तारीख आणि जागा लिहून ठेवा. त्याला जवळपास खर्च नाही.

आता तुमचं लेबल. नाही म्हणा असं मी सांगणार नाही, कारण तुमच्याकडे जॉन लोडर नाही. प्रेसिंगची रोकड आणि वितरण कोणी तरी उचलायला हवं, आणि छोटं लेबल नेमकं तेच करू शकतं. पण मुद्रणाची मालकी देऊ नका, ठराविक मुदतीचा परवाना द्या. पाच ते सात वर्षं पुरेत, त्यानंतर हक्क परत तुमच्याकडे. नफा निम्मा-निम्मा म्हणत असतील तर निम्मा कशाचा ते विचारा: प्रेसिंग आणि प्रसिद्धी वजा करून, की लेबलच्या ऑफिसचं भाडंही त्यात घालून? खर्चाला वरची मर्यादा घाला, त्यापुढे तुमच्या लेखी परवानगीशिवाय नाही. हिशोब वर्षातून दोनदा, मागितला नाही तरी. न खपलेल्या प्रती निर्मितीखर्चात विकत घेण्याचा पहिला हक्क तुमचा. शर्ट आणि शोच्या कमाईत त्यांचा वाटा नको, त्यात त्यांनी काही घातलेलं नाही. पुढच्या अल्बमचा पर्याय, म्हणजे तोही आपणच काढायचा हक्क, ते मागतील. एका अल्बमपुरता, ठरलेल्या तारखेपर्यंत कळवायच्या अटीवर द्यायला हरकत नाही. तीन अल्बमांचा मागितला तर थांबा, त्यात तुमची सहा-सात वर्षं जातात. मसुदा हाती आला की मालकीचं आणि पर्यायाचं ही दोन कलमं जशीच्या तशी पाठवा, त्यावर नेमकं बोलता येईल.